धाकट्याला किडनी द्यावीशी वाटत नाही, मी वाईट बहीण आहे का?

सप्रेम नमस्कार. मी ४७ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही तीन भावंडं. मी थोरली, पाठचे दोघे भाऊ. धाकटा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई शेतावर जायची, त्यामुळे त्याला मीच कडेवर घेऊन फिरायचे. पाचवीला तो वसतिगृहात गेला, पुढे माझं लग्न झालं. गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस चालू आहे. डॉक्टरांनी प्रत्यारोपण सुचवलंय. आई सत्तरीच्या पुढे, तिला शुगर. वहिनीचा रक्तगट जुळला नाही. मधला भाऊ पुण्यात नोकरीला, मुलं लहान, म्हणून त्याला कुणी विचारलंच नाही. राहिले मी. आई रोज रात्री फोन करून म्हणते, ‘एका पोटचे आहात, तू नाही तर कोण?’ धाकटा स्वतः एका शब्दानं बोललेला नाही.

वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. माहेर तुटू नये म्हणून मी दिली. पुढे त्यातली जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, तो दोघांनी वाटून घेतला. मला हे गावातल्या एका बाईकडून कळलं. नंतर माझ्या मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी धाकट्याकडे पन्नास हजार उसने मागितले, तर त्यानं फोन उचलणं बंद केलं. पैसे दिले माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं. तिला किडनी लागली असती तर मी क्षणात दिली असती. भावाचं नाव निघालं की हात आखडतो. यजमान म्हणतात, ‘आधी तुझा वाटा लिहून घे, मग बघू.’ मला झोप लागत नाही. रक्ताचं नातं असून असं का वाटतं? मी वाईट बहीण आहे का?

— एक थोरली

ताई,

नाही, तुम्ही वाईट बहीण नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तो एकच प्रश्न डोक्यात घण घालत राहील आणि बाकी काही आत शिरणार नाही.

किडनी द्या किंवा देऊ नका, यातलं काहीही मी सांगणार नाही. तो अधिकार मला नाही. तुमच्या आईला नाही आणि यजमानांनाही नाही. पण ‘रक्ताचं नातं असून असं का वाटतं’ असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर मला बरंच बोलायचंय. तुम्ही एका ठिकाणी स्वतःवर अन्याय करताय असं मला वाटतं.

आपल्या माणसासाठी जीव का तुटतो, याचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडून पाहिलाय. जे. बी. एस. हाल्डेन नावाचे मोठे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होते. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. भावासाठी नदीत उडी घ्याल का, असं त्यांना कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, ‘एकासाठी नाही. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी घेईन.’ सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं सामाईक असतात. चुलत, मामे, आते, मावस भावंडांत आठवा हिस्सा. दोन निम्मे म्हणजे एक, आणि आठ अष्टमांश म्हणजेही एकच. हाल्डेन गेले त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकानं हा विचार नीट गणितात बसवला. समोरच्याचा जो फायदा होतो त्याला नात्याच्या हिश्शानं गुणायचं. ते मदत करणाऱ्याच्या नुकसानीपेक्षा जास्त भरलं, तर तशी मदत करायची वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते.

हे नुसतं कागदावरचं नाही. कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बिळं करून राहणाऱ्या एका जातीच्या खारी आहेत. जमिनीवरून येणारा शत्रू दिसला की त्यांच्यातली एखादी ओरडून बाकीच्यांना सावध करते, आणि ओरडल्यामुळे तिचा स्वतःचा जीव धोक्यात येतो. पॉल शेरमन या संशोधकानं तिथं मुक्काम करून नोंदी ठेवल्या आणि १९७७ मध्ये त्या छापल्या. ओरडणाऱ्या प्रामुख्यानं माद्या निघाल्या, त्यातही ज्यांच्या लेकी-बहिणी आसपासच्या बिळांत होत्या त्या. त्या खारींत नर दूर निघून जातात आणि माद्या जन्मभर एकाच भागात राहतात. आपल्याकडे लेक दूर जाते, आणि माहेरावर काही आलं की तरीही पहिली हाक तिलाच. तुमचं पत्र वाचताना मला ते फार टोचलं.

आता याच हिशोबातली मेख बघा. तुमची जनुकं धाकट्याशी जेवढी सामाईक तेवढीच मधल्याशी. धाकट्याची तुमच्याशीही तेवढीच. म्हणजे ओढ तिघांत सारखी हवी होती. तशी ती नाही, कारण जनुकं कुणाला दिसत नाहीत. हा आपला, हे मनाला ओळखावं लागतं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टींवरून. २००७ मध्ये डेब्रा लीबरमन, जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडीस या तीन अमेरिकी संशोधकांनी यावर एक अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना त्यांच्या भावंडांबद्दल विचारलं. त्यात एक प्रश्न किडनीचाच होता: याला किडनी द्यायला तुम्ही कितपत तयार आहात? त्यांना असं आढळलं की ज्या मोठ्या भावंडानं आपल्या आईला धाकट्या तान्ह्याला पाजताना, सांभाळताना पाहिलेलं असतं, त्याच्या मनात त्या धाकट्यासाठी ओढ पक्की बसते. मग पुढे ती दोघं किती वर्षं एका घरात राहिली, यानं फारसा फरक पडत नाही. धाकट्याला मात्र असं काही बघायला मिळालेलंच नसतं, कारण थोरली त्याच्या आधीच जन्मलेली. त्याच्या मनातली ओढ ठरते ती एका घरात एकत्र काढलेल्या वर्षांवर.

आता तुमचंच घर बघा. तुम्ही सहा वर्षांच्या. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीची धग, ओवा-बाळंतशोपाचा धूर, आईच्या मांडीवर तो लाल मुठी आवळलेला गोळा. नंतर तो तुमच्या कडेवर. तुमच्यात ते कायमचं कोरलं गेलं. त्यानं तुम्हाला पाहिलं ते दहा वर्षं, तेही आपल्याला उचलून घेणारी, जेवायला हाक मारणारी, आपली कामं करणारी म्हणून. मग तो वसतिगृहात गेला आणि तुम्ही सासरी. त्याची ओढ तुमच्याहून पातळ असेल, तर त्यामागे त्याचा दुष्टपणाच असायला हवा असं नाही. आणि तुमची ओढ जास्त आहे म्हणून तुम्ही भाबड्या ठरत नाही. दोघांनी एकाच नात्यात दोन वेगवेगळ्या दारांनी पाऊल टाकलं.

माझा अंदाज आहे की तुमची ओढ गेलेली नाही. गेली असती तर तुम्ही आईला एका वाक्यात नकार देऊन गाढ झोपला असता. ओढ आहे आणि तिच्यावर राग बसलाय. तो राग खरा आहे. मोबदल्याचे पैसे वाटून घेणं ही जनुकांनी केलेली गोष्ट नाही, ते दोघा भावांनी शुद्धीत राहून केलं. फोन न उचलणं हेही धाकट्यानंच केलं. त्याची ओढ पातळ का, हे मी समजून घेऊ शकते. त्याची करणी माफ करा, असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही.

आपल्या भाषेनं हे फार आधी ओळखलंय. ज्याच्यावर हक्कानं विसंबायचं तो भाऊबंद, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावते ती भाऊबंदकी. एकाच शब्दाच्या पोटी दोन्ही.

मी कॉलेजात असताना माझ्या वडिलांना पोटात रक्तस्राव झाला. मध्यरात्री रुग्णालयात सांगितलं, चार बाटल्या रक्त लागेल, माणसं आणा. तेव्हा मोबाइल नव्हते. माझी आई बाकावर बसून होती आणि शेजारच्या काकू तिचा हात धरून. काकूंनी येताना स्टोव्हवर दूध तापवून थर्मासात भरून आणलं होतं. तीन वाजता जिन्यावरून पायांचा आवाज आला. माझा थोरला चुलतभाऊ, आणि त्याच्या मागे गावातली चार पोरं. त्याच्या पोटऱ्यांना उसाच्या पाटातला चिखल तसाच होता, पाणी पाजायची पाळी सोडून आला होता. आमच्याशी त्याचं सात वर्षं बोलणं नव्हतं, बांधावरून. त्यानं बाही वर केली, रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा खाल्ला, आणि वॉर्डात न डोकावता निघून गेला. वडील वाचले. पुढच्या महिन्यात तारखेला तो कोर्टात समोरच्या बाजूला उभा होता.

कितीतरी वर्षं मला हे कोडं सुटलं नाही. तो चांगला की वाईट? आता वाटतं, प्रश्नच चुकला होता. त्या रात्री त्याला कुणी सांगायला लागलं नाही, तो आला. बांधाचं भांडण वेगळं होतं आणि त्याच्या लेखी ते रक्तानं मिटणारं नव्हतं. आणि काकू? त्यांचं-आमचं नातं काहीच नव्हतं. त्यांच्या लेकीचा अभ्यास माझी आई घ्यायची आणि आमच्याकडे पाहुणे आले की त्यांच्याकडून खुर्च्या यायच्या, एवढंच. त्या पुढचे अकरा दिवस रोज सकाळी डबा घेऊन आल्या.

तुमची मैत्रीण या काकूंच्या जातीची. त्या नात्यालाही मुळं आहेत, तीही जुनी. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्त पिऊन जगणारी वटवाघळं असतात. लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात. जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टारिकात त्यांचा अभ्यास करून १९८४ मध्ये दाखवलं की पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी जोडीदाराला आपल्या पोटातलं रक्त काढून भरवतं. आधी आपल्या पिल्लांना, नातलगांना, पण तेवढ्यावर थांबत नाही. एकाच ढोलीत नेहमी सोबत लटकणाऱ्या परक्यांनाही. रोजचा सहवास आणि अडीनडीला दिलं-घेतलं, यातून माणूस आपला होतो. तुमच्या मैत्रिणीनं मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पैसे हातावर ठेवले. मनानं तिची नोंद घेतली.

पण ताई, एक गोष्ट थोडी कडू लागेल. मैत्रिणीला क्षणात किडनी दिली असती असं तुम्ही म्हणता, ते तुमच्या मनात खरंच आहे. फक्त तिनं ती मागितलेली नाही. जी मागितलीच गेली नाही ती किडनी द्यायला भीती वाटत नाही, सुट्टी काढावी लागत नाही, मुलीच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. तिच्याशी तुलना करून स्वतःला भावाच्या बाबतीत क्रूर ठरवू नका. तुमचा आखडलेला हात थोडा रागानं आखडलाय आणि थोडा साध्या भीतीनं. भीती वाटलीच पाहिजे. चांगल्या शरीरावर, स्वतःला काही आजार नसताना, सुरी चालवून घ्यायची आहे.

या भीतीला आकडे द्यावेत म्हणजे ती आपल्या मापात येते. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींनुसार किडनी दिल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मरण्याचा धोका पूर्वी दहा हजार दात्यांमागे सुमारे तीन होता, अलीकडच्या वर्षांत तो एकाच्या आसपास आलाय. आयुष्यभरात स्वतःची उरलेली किडनी निकामी होण्याचा धोका दहा हजारांत सुमारे ९०, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसांत १४. धोका थोडा आहे, पण आहे. शिवाय भावाला हा आजार कशामुळे झाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो घराण्यात चालणारा असेल तर तुमचा धोका वेगळा धरावा लागतो. हा प्रश्न डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारा, रक्तगट तपासायच्याही आधी.

आता ‘एका पोटचे’. आईचं म्हणणं जीवशास्त्राला धरून आहे, पण निम्मंच. किडनी स्वीकारताना शरीर पेशींवरच्या ज्या खुणा बघतं, त्या आईकडून एक जुडी आणि वडिलांकडून एक जुडी अशा येतात. सख्ख्या दोन भावंडांच्या दोन्ही जुड्या जुळण्याची शक्यता चारांत एक. एकही न जुळण्याची शक्यताही चारांत एक. म्हणजे सख्खी असूनही त्या हिशोबात तुम्ही दोघं परकी निघू शकता. शिवाय आताच्या औषधांमुळे ही जुळणी पूर्वीइतकी निर्णायक राहिलेली नाही. १९९५ मध्येच अमेरिकेतल्या नोंदींवरून दिसलं होतं की नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या किडन्या, ज्यांत रक्ताचं नातं काहीच नाही, आई-वडिलांनी दिलेल्या किडन्यांइतक्याच चांगल्या टिकतात. त्यामुळे ‘तू नाही तर कोण’ याला उत्तर आहे.

वहिनीचा रक्तगट जुळला नाही म्हणून दार बंद झालं, असं तुमच्या घरात धरलंय. तसं नाही. आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि २०११ च्या दुरुस्तीनं त्यात अदलाबदलीला परवानगी मिळाली. म्हणजे असं, की तुमच्या वहिनीची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला आणि त्या कुटुंबातल्या जवळच्या माणसाची तुमच्या भावाला. काही केंद्रांत रक्तगट न जुळताही विशेष उपचार देऊन प्रत्यारोपण करतात, फक्त खर्च वाढतो. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नावही घालता येतं. पुणे विभागाची यादी तिथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते आणि नाव रुग्णालयामार्फत जातं. यादीत वाट बरीच बघावी लागते हे खरं. पण भावाचं नाव नोंदवलंय का, हे आज रात्री आईचा फोन येईल तेव्हा तुम्हीच विचारा. मला शंका आहे की नोंदवलेलं नसेल.

आणि मधला भाऊ. कायद्याच्या लेखी तोही तुमच्याइतकाच जवळचा नातलग. कमावता आहे, मुलं लहान आहेत, म्हणून त्याला विचारलं नाही. तुम्हीही कमावता. तुमच्याही मुलीचं शिक्षण चालू आहे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ते अशाच न विचारलेल्या प्रश्नांतून घडतं. त्याला फोन करा. भांडायला नको. ‘तू तपासणी केलीस का?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याला देऊ द्या.

यजमानांबद्दल थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. ‘आधी वाटा लिहून घे’ हे त्यांच्या तोंडून तुमच्या काळजीपोटी आलंय, मला दिसतं. पण किडनीच्या बदल्यात जमीन किंवा पैसा, मग तो तुमच्या हक्काचा का असेना, कायद्याच्या डोळ्यांना अवयवाचा व्यवहार दिसेल. त्याला ५ ते १० वर्षं कैद आणि लाखांतला दंड आहे. हा भाग बाजूला ठेवला तरी, उद्या वाटा मिळाला आणि किडनी दिली, तर आयुष्यभर तुम्हाला कळणार नाही की तुम्ही काय दिलंत आणि काय विकलंत. हक्कसोडपत्राबद्दल राग असेल तर वकिलाला भेटा. नोंदणी झालेला दस्त उलटवणं सोपं नसतं, पण सही कशी घेतली, काय सांगून घेतली, हे त्यांना सांगून बघा. ती फाइल वेगळी ठेवा. माझा चुलतभाऊ बांध घेऊन रक्त द्यायला आला नव्हता, आणि रक्त दिलं म्हणून बांध सोडून गेला नाही. मला त्याचा राग यायचा. आता त्यातला सरळपणा कळतो.

मग तुम्ही ठरवायचं कसं? मी तुमच्या जागी असते तर एकच प्रश्न स्वतःला विचारला असता: समजा किडनी दिली, आणि भाऊ पुढेही असाच राहिला. भाऊबीजेला आला नाही, फोन केला नाही, मुलीच्या लग्नात पाहुण्यासारखा येऊन गेला. तरी त्याचा जीव वाचला याचं समाधान मला पुरेल का? पुरेल असं आतून आलं, तर द्यायचा विचार पुढे न्या. ‘यानंतर तरी तो बदलेल’ असं आलं, तर थांबा. किडनी देऊन भाऊ परत मिळत नाही. आणि उलटीकडूनही विचारा: मी नाही म्हणतेय ते भीतीमुळे, माझ्या घराच्या काळजीमुळे, की त्याला धडा मिळावा म्हणून? पहिल्या दोन कारणांनी नाही म्हणालात तर कुणासमोर मान खाली घालायची गरज नाही. तिसऱ्या कारणानं म्हणालात, तर मला तुमची काळजी वाटते, कारण धडा शिकवायचा म्हणून मोजायची किंमत इथे फार मोठी आहे, आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर तिचा हिशोब रोज रात्री तुम्हालाच मांडावा लागेल.

तपासणीला गेलात म्हणजे हो म्हणालात, असं समजू नका. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कधीही नाही म्हणता येतं. डॉक्टरांना एकटीनं भेटा, आई नको, यजमान नकोत. दाता बाई असेल तर तिच्या संमतीची जास्त काळजीपूर्वक खातरजमा करावी आणि ती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी, असं नियमातच आहे. तेव्हा हे मागताना संकोच करू नका. तुमच्या तपासण्यांत काय निघालं, तुम्ही काय बोललात, हे तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर घरी फक्त ‘या दात्याकडून शक्य नाही’ एवढंच कळवा, अशी विनंती तुम्ही करू शकता.

आईला मात्र नाती मोजून दाखवू नका. तिच्यापुढे एक लेकरू मरणाच्या दारात आहे आणि दुसरं धडधाकट आहे. ती धडधाकट लेकराकडे हात पसरतेय, तिला दुसरं काही दिसत नाही. तुमचा आकडेवारीचा मुद्दा तिच्या कानात शिरणार नाही. तिला एवढंच सांगा की मी डॉक्टरांना भेटतेय, ठरलं की मीच सांगेन, तोवर रोज हा विषय नको. आणि दुसरं काहीतरी बोला. तिच्या शुगरची चौकशी करा.

शेवटी ज्यानं एक शब्दही काढला नाही त्याच्याकडे येते. माणसाची किडनी दुसऱ्या माणसात पहिल्यांदा यशस्वी बसली ती १९५४ च्या डिसेंबरात, बॉस्टनमध्ये. रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक या जुळ्या भावांत. दोघं एकाच बीजातून फुटलेले, म्हणूनच शरीरानं ती परकी मानली नाही. त्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या जोसेफ मरे यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. मला त्यातली आदल्या रात्रीची गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे. मरणाच्या दारात असलेल्या रिचर्डनं भावाच्या खोलीत चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघून घरी जा. रोनाल्डनं उलट चिठ्ठी पाठवली, की मी आलोय आणि इथेच राहणार. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत.

रोनाल्डला आईनं फोन करून आणलं असतं आणि रिचर्ड भिंतीकडे तोंड करून गप्प पडला असता, तर ती चिठ्ठी घडली नसती. तुमच्या धाकट्याच्या गप्प बसण्यात काय आहे, मला ठाऊक नाही. तुम्ही ते कदाचित गुर्मी म्हणून वाचत असाल. ती असेलही. किंवा मोबदल्याची गोष्ट तुम्हाला कळलीय हे त्याला ठाऊक असेल, आणि त्यानंतर बहिणीपुढे तोंड उघडायची त्याला लाज वाटत असेल. आईच्या फोनमधून हे कधीच कळणार नाही. तेव्हा स्वतः जा. किडनीबद्दल हो किंवा नाही काहीच न ठरवता जा. मोबदल्याचं मनात आहे ते त्याच्या तोंडावर बोला, आवाज न चढवता, वहिनीसमोर नको. तो काय म्हणतो ते ऐका. ज्याला एकेकाळी कडेवर घेतलं तो आता एक्केचाळीस वर्षांचा आहे, त्याला स्वतःच्या तोंडानं काहीतरी म्हणू द्या, माफी असो, विनंती असो, किंवा ‘ताई, तू नको देऊस’ असो.

गुरुवारी जा. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो, दुसऱ्या दिवशी जरा बोलण्याजोगा होतो. आणि जाताना फळं किंवा नारळपाणी नेऊ नका. डायलिसिसवरच्या रुग्णाला नारळपाण्यातलं आणि बऱ्याच फळांतलं पोटॅशियम बाधू शकतं. त्याला काय चालतं, ते निघायच्या आधी वहिनीला विचारून घ्या.